बॅटरी काढलेली खुर्ची

आत्याबाईंची विजेवर चालणारी चाकांची खुर्ची पुरावा म्हणून वकीलबाईंच्या ऑफिसात आली, तेव्हा तिची बॅटरी काढून, सील करून कपाटात ठेवली होती. पुराव्याला हात लावला असं उद्या कुणी म्हणायला नको! वकीलबाई ताकही फुंकून पिणाऱ्यांतल्या.

दुसऱ्याच दुपारी त्या ग्राहक आयोगातून परतल्या, तर खुर्ची भिंतीपाशी नव्हती. खिडकीशी होती, बाहेर तोंड करून.

"तुम्ही हलवलीत?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"मी कशाला हलवू? बॅटरीशिवाय चाकं जाम असतात तिची. चौघांना रेटायची नाही."

मग चाकांखाली दोन विटा घातल्या. सकाळी त्या विटा खुर्चीच्या बैठकीवर एकावर एक नीट रचलेल्या सापडल्या. तीस वर्षांत कुणासाठी जागेवरून न उठलेला कारकून तेव्हापासून खोलीत शिरताना दारातून "येऊ का?" असं विचारू लागला.

वकीलबाईंची मात्र खरी पंचाईत झाली. आत्याबाई एका पायानं लहानपणापासून अधू, घरात एकट्या राहायच्या. ही खुर्ची त्यांना घेऊन आपली आपण पायरीवरून खाली गेली आणि त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. खुर्ची बनवणारी कंपनी म्हणे, म्हातारीनंच बटण दाबलं. भाचा म्हणे, तसं ठरलं तर आत्यानं एकटं राहायचं नाही, आमच्याकडे कोपऱ्यातल्या खोलीत यायचं.

"खटला हरले, की माझं घर सुटलं बघा," आत्याबाई म्हणाल्या होत्या.

तक्रारीत लिहिलं होतं, बटणात दोष. आता बॅटरीशिवाय चालणं हा उत्पादनातला दोष म्हणायचा, की सेवेतली त्रुटी? वकीलबाईंनी सगळा कायदा चाळला, पण भुताटकीचं कलम काही सापडेना. बोलावं तर पुराव्यात ढवळाढवळ केल्याचा आळ यायचा. तेव्हा अळीमिळी गुपचिळी.

तपासणीच्या दिवशी आयोगानं नेमलेले तपासनीस आले, कंपनीचे वकील आले. आत्याबाईंना भाच्यानं साध्या, ढकलायच्या खुर्चीतून आणलं. बॅटरी बसवली, बटण चाळीस वेळा दाबलं. खुर्ची अगदी गरीब गाईसारखी वागली.

"आत्या, चल, सामान बांधायला घेऊ," भाचा हळूच म्हणाला. आत्याबाईंचे डोळे भरून आले.

तपासनिसांनी बॅटरी काढून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि ते अहवाल लिहायला बसले. कंपनीचे वकील खुशीत येऊन खुर्चीत टेकले. "आहे की नाही आरामशीर? उगाच बदनाम—"

खुर्ची निघाली. आवाज नाही, घाई नाही. दारातून बाहेर, लांबलचक व्हरांड्यातून थेट जिन्याच्या तोंडाशी गेली आणि पुढची चाकं बोटभर अधांतरी ठेवून थांबली. सगळे मागोमाग धावले, पण हात लावायला कुणी धजेना.

"मी हात लावला नाही हो!" कंपनीचे वकील किंचाळले. "आईशप्पथ, कशालाच हात लावला नाही!"

तपासनिसांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. "हे बघा, बॅटरीचं मी काही लिहीत नाही. मला अजून आठ वर्षं नोकरी करायचीय. 'खुर्ची आपोआप चालते, वापरणाऱ्याची चूक नाही,' एवढं लिहितो. मान्य?"

"मान्य! आणा इकडे कागद!" कंपनीच्या वकिलांनी बसल्या जागीच, श्वास रोखून सही केली. भाचा खाली मान घालून सामानाबद्दल चकार शब्द बोलेना.

आत्याबाईंनी आपली साधी खुर्ची हातानं चाकं फिरवत जिन्यापाशी नेली आणि वाकून त्या विजेच्या खुर्चीच्या पाठीशी काहीतरी पुटपुटल्या. ती चांगली हातभर मागे सरकली. कंपनीचे वकील उडी मारून उतरले आणि जिना उतरून दिसेनासे झाले.

"काय म्हणालात तिला?" वकीलबाईंनी कसंबसं विचारलं.

"काही नाही गं. म्हटलं, झालं आपलं काम, सोड आता त्यांना."

वकीलबाईंनी शेजारी उभ्या कारकुनाकडे पाहिलं. "ऐकलंत?"

"मी?" कारकून म्हणाला. "मी तर केव्हाचा खाली चहाला गेलोय."