शंकरकाकांचा आयर्लंडातला किल्ला

आमच्या मेडशी गावात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांची जुंपली, की आमचे शेजारी शंकरकाका मध्ये घुसतात आणि ओरडतात, "थांबा! आमच्या किल्ल्याचं यानंच वाटोळं झालं!"

हा किल्ला आयर्लंडात आहे. काका नागपूरच्या पुढे गेलेले नाहीत. किल्लाही काही साबूत नाही, अडीच भिंती उरल्यात. पण काका एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे त्याचा इतिहास ते स्टॉपवार सांगतात.

"पह्यला स्टॉप. धाकट्यानं थोरल्याले बुरुजावरून ढकललं. काहून? तं वाटनी! दुसरा स्टॉप, इंग्रजाच्या तोफा. एक भिंत साफ!" मध्येच कुणी तोंड उघडलं की दरडावतात, "गाडी चालू हाये, बोलू नोका!"

त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे शेवटचा मालक. त्यानं घरपट्टी वाचवायला किल्ल्याचं छप्परच उतरवलं. "छप्पर नाई तं घर नाई, घर नाई तं पट्टी नाई! मानूस आपल्याच इकडला वाटते!" एकदा तर त्यांनी तलाठ्याला गाठून विचारलं, "आता त्याचा सातबारा कोनाच्या नावावर असन?" तलाठी बिचारा आठवडाभर आमच्या गल्लीत फिरकला नाही.

मी पोट धरधरून हसायचो. परवाच्या रविवारी मात्र काका माझ्या ओट्यावर येऊन नुसतेच बसले.

"मास्तर, किल्ल्याचा इतिहास सरला."

"सरला तर सरला की!"

मग हळूहळू कळलं. त्यांची लेक सुनीता तिकडे आयर्लंडात नर्स आहे. काकू गेल्यापासून बापलेकीचा फोन 'जेवले का', 'जेवलो' एवढ्यातच आटपायचा. एकदा तिनं मोबाइल खिडकीबाहेर फिरवला, तर काकांना पडक्या भिंती दिसल्या. "कोनाचं घर पडलं वं?" तिला ठाऊक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती जाऊन विचारून आली. तेव्हापासून दर रविवारी फोनवर तासभर किल्ला चालायचा.

"मले त्या किल्ल्याचं काय करायचं हाये, मास्तर? पोरगी बोलून राह्यली होती. आता काय बोलन?"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला, त्यांनी तो स्पीकरवर टाकला. जेवण विचारून झालं, पाऊस झाला, सोयाबीन झालं. काका 'ठेवतो' म्हणायच्या बेतात होते.

"बाबा," सुनीता म्हणाली, "मी आज बसनं दोन तास दूर गेली होती. तिथं अजून एक पडका किल्ला हाये. सांगू का?"

काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले.

"सांग माय," ते म्हणाले, "पन घाई नोको करू."