सकारात्मक गुडघा

आमच्या क्रीडा-उपचार केंद्रातले फिजिओथेरपिस्ट जखमी खेळाडूंशी नीट बोलत नाहीत, असं व्यवस्थापनाच्या निदर्शनास आलं आणि संवाद सुधारण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवण्यात आली. मला गुडघ्यातलं काही कळत नाही. त्यामुळे माझी नेमणूक निःपक्षपाती मानली गेली.

प्रथम मी ‘दुखणं’ बंद केलं. खेळाडूला दुखत नाही, जाणीव होते. लिगामेंट फाटत नाही, ते बदलाच्या वाटेवर असतं. ‘नाही’ हा शब्द तर कायमचा हद्दपार. शिवाय खेळाडू जे बोलेल तेच त्याला परत ऐकवायचं, म्हणजे आपलं कुणीतरी ऐकतंय असं त्याला वाटतं. तो हसत बाहेर पडला की उपचार यशस्वी.

अडचण होती ती ताईंची. केंद्रातल्या सगळ्यात जुन्या थेरपिस्ट. हाताला गुण, पण जिभेला हाड नाही. त्यांच्याकडे लांब उडी मारणारी एक मुलगी आईला घेऊन आली. लिगामेंट अर्धं फाटलेलं, आणि रविवारी संघनिवडीची चाचणी. संवादाचा दर्जा तपासायला मी शेजारीच खुर्ची टाकून बसलो.

“ताई, रविवारी उडी मारू ना?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उंचावल्या.

“रविवारी उडी मारावी, असं तुला वाटतंय,” ताई म्हणाल्या.

“हो! म्हणजे चालेल?”

“चालेल का, असा प्रश्न तुला पडलाय.”

“अहो, पण रात्रभर ठणकतं तिला,” आई म्हणाली.

“जाणीव होते,” मी दुरुस्ती केली.

ताईंचा हात मुलीच्या गुडघ्यावरच होता. “बाळा, तुझं लिगामेंट... बदलाच्या वाटेवर आहे,” त्या म्हणाल्या.

“बघ आई, बरं होत आलंय! तू उगीच घाबरवत होतीस मला.”

मायलेकी हसत बाहेर पडल्या. मी ताईंचं मनापासून अभिनंदन केलं. त्या बेसिनशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

रविवारी मुलगी सुसाट धावत आली. फळीवर पाय टेकला आणि गुडघा गेला. आमचं प्रशिक्षण न झालेल्या एका सर्जननी तिला तोंडावर सांगितलं, “आता उडी विसर.”

कुबड्या घेऊन ती ताईंसमोर उभी राहिली. “तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं गं,” ताई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

खेळाडूसमोर अश्रू! मी त्यांना त्याच दिवशी फेरप्रशिक्षणाला पाठवलं.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. पण ‘आधी वजन उतरवा, मग कंबरेचं बोलू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना माणूसघाणे ठरवून तुम्ही ज्या हसऱ्या डॉक्टरांकडे जायला लागलात ना, ते माझ्याच हाताखाली शिकलेत. परवा तुमच्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, “पेशंट अगदी खूश आहे.”