सर्व म्हणजे चार

रुग्णालयात डॉक्टरांची वेळ घेण्याचे सॉफ्टवेअर सर्वांना वापरता आले पाहिजे, असा आदेश निघाला तेव्हा सर्व म्हणजे नेमके किती, हे ठरवण्यासाठी समिती नेमण्यात आली. सात बैठकांनंतर समितीने सर्वांची संख्या चार अशी निश्चित केली: धडधाकट, अंध, बहिरे आणि हात न चालणारे. मी त्या समितीत होतो. चौकोनांना बाण जोडण्याची जबाबदारी माझी.

आमची पद्धत आधुनिक होती. कोड कोणी लिहायचा नाही. आधी भिंतभर मॉडेल, म्हणजे चौकोन आणि बाणांचा आराखडा, काढायचे, मग त्यातून सॉफ्टवेअर यंत्रानेच तयार करायचे. अंधांच्या चौकोनात आम्ही ‘दिसते: नाही, ऐकू येते: होय’ असे लिहिले. पडदा त्यांना वाचून दाखवायचा, म्हणजे ऐकू येणे भागच होते. सॉफ्टवेअर सुरू झाले आणि रुग्णालयाने फोनवरून वेळ देणे बंद केले.

त्याच रुग्णालयात माझी मावशी तीस वर्षे टेलिफोन ऑपरेटर होती. जन्मापासून दिसत नाही, पण नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायची. हल्ली तिचा डावा कान पार गेला होता आणि उजवाही कुरकुर करू लागला होता. तिने मोबाइल उजव्या कानाला लावून कानाच्या डॉक्टरांची वेळ मागितली. मोबाइल अदबीने म्हणाला, “आपण अंध आहात. सबब आपणांस ऐकू येते. ही सेवा आपणांस लागू नाही.”

“अरे, मला ऐकू येतं हे याला कोणी सांगितलं?” मावशीने मला विचारले.

मीच सांगितले होते. मी पंख्याचा वेग कमी करायला उठलो.

“डोळे नव्हते, तरी कानांवर निभावलं,” ती म्हणाली. “आता हेही गेले तर दिवस कशाच्या जोरावर काढायचे?”

मला फार वाईट वाटले, म्हणून मी रीतसर अर्ज केला.

“साहेब, पाचवा चौकोन काढू या,” मी मॉडेलप्रमुखांना म्हणालो. “नाहीतर कोडमधली एक ओळ मी हातानेच बदलतो.”

“हाताने?” ते दचकले. “मग मॉडेल कशाला काढलं? आणि चौकोन वाढला की सर्वांची व्याख्याच बदलते. या सॉफ्टवेअरच्या पुरस्काराचा अर्ज चार चौकोनांवर गेलाय.”

“मग मावशीचं काय?”

“मॉडेल तपासलेलं आहे. मावशी तपासलीय का कोणी?”

समितीने मावशी तपासली. ती मॉडेलशी विसंगत आढळली. त्यामुळे दुरुस्ती तिच्यातच सुचवण्यात आली: दोहोंपैकी एक उणीव तिने सोडून द्यावी.

“मग दिसतं असं लिही,” मावशी म्हणाली. “तेवढीच हौस!”

मी तिला बहिऱ्यांच्या चौकोनात घातले. मोबाइल मुका झाला. पडद्यावरचे मी वाचले, बटणही मीच दाबले. दीड महिन्याने सकाळी दहाची वेळ मिळाली. त्या दिवशी तिला रुग्णालयातल्या बाकावर बसवले, “नंबर आला की हाक मारतील,” असे उजव्या कानात सांगितले आणि पुरस्कार घ्यायला गेलो. समारंभ तसा छान झाला.

बहिऱ्यांना हाक मारण्यात अर्थ नाही, हे मॉडेलला पक्के ठाऊक होते. मावशीचा नंबर भिंतीवरच्या फलकावर लागला, तीनदा लुकलुकला आणि गेला. मी परतलो तेव्हा मोबाइलवर नोंद आली होती: ‘रुग्ण गैरहजर. पुढील वेळ चार महिन्यांनी.’

मावशी त्याच बाकावर होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. “इथेच बसले होते रे,” ती म्हणाली. “कुणी एकदा नाव घेतलं असतं तरी उठले असते.”

मी तिची माफी मागितली.

उजवा कान पुढे करून ती म्हणाली, “काय?”

पुरस्काराची चौकट आता मॉडेलशेजारी टांगली आहे. परवा तिच्यावरचा बारीक मजकूर वाचायला गेलो, तर अक्षरे लागेनात. पाऊलभर मागे सरकलो, तेव्हा लागली. शेजारीच पहिला चौकोन होता: ‘धडधाकट. दिसते: होय. ऐकू येते: होय. मुदत: कायम.’

तुमची नोंदही त्याच चौकोनात आहे, काळजी नसावी. फक्त हा मजकूर तुम्ही डोळ्यांपासून किती लांब धरून वाचत आहात, तेवढे आमच्या समितीला कळवू नका.