चार कोट, तीन पासपोर्ट

ट्राममध्ये विसरलेली एक छत्री.

कॅलेंडरचं जुनं पान: तळं, काठावर बाक, बाकावर कुणी नाही.

करड्या लोकरी कापडाचा तागा. चार कोटांना आरामात पुरेल, असं दुकानदार म्हणाला होता. दुकानदार म्हणतातच.

शिंप्याचे पुढचे दोन दात. दोरा तोडून तोडून त्यांना खाच पडलेली.

विमानतळावरच्या खिडकीतली बाई. तिला पासपोर्ट हवा होता आणि दिसत होता एका माणसाचा कोट चावणारा दुसरा माणूस.

आता ह्या चिंध्या जोडायच्या, तर शिंप्याच्या दुकानापासून सुरुवात करायला हवी. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की शिंप्याला मशीनमागे सरकावं लागे. तरी दाराजवळच्या फळीवर रोज तिघे हजर: चित्रकलेचे मास्तर, फोटोग्राफर आणि लांब्या. भिंतीवर ते परदेशातल्या तळ्याचं पान. साल केव्हाच उलटलं, पण पान उतरवायला लांब्या देईना. तिकडे बोट करून म्हणायचा, "एकदा तिथं जायचं. चौघांनी. बघायचं काही नाही, नुसतं बसायचं."

बोट केलं की त्याचं मनगट बाहीतून वीतभर बाहेर यायचं. कारण चौघांचे सदरे एकाच ताग्यातून निघायचे आणि लांब्याचा सगळ्यात शेवटी. त्याने तक्रार केली, की शिंपी तोंडातली टाचणीही न काढता सांगायचा, बाही बरोबर आहे, तुझा हातच चुकलाय.

शेवटी जाणं ठरलं तेव्हा तिघेच उरले होते. लांब्या आधीच पुढे गेला होता, तिकिटाशिवाय.

सहल चार दिवसांची. आखणी फोटोग्राफरची, म्हणजे बसणं कुठेच नव्हतं. चर्च, पूल, राजवाडा, पुन्हा पूल. तळ्याकाठून तर त्याने दोघांना असं पळवलं, की मास्तरांना बाक दिसला तो फोटोतच. तिघांच्या अंगात शिंप्याने शिवलेले करडे कोट. मास्तरांचा आणि फोटोग्राफरचा अंगासरसा बसलेला. शिंप्याच्या स्वतःच्या बाह्या मात्र मनगटाच्या पुष्कळ वर संपत होत्या. प्रत्येक फोटोत त्याचे लाल पडलेले हात तेवढे उठून दिसत. फोटोग्राफर म्हणाला, शिंप्यालाच स्वतःचं माप कळेना, मग आमची काय कथा. शिंपी हात खिशात घालून पुढे चालू लागला.

पहिल्याच दिवशी छत्री गेली. ती ट्राममध्ये राहिली, हे मास्तर शपथेवर सांगत होते. फोटोग्राफरचं म्हणणं, हातोहात लांबवली. शिंप्याने धसका घेतला. आज छत्री, उद्या पासपोर्ट. संध्याकाळी दोघांना कोटाशिवाय खाली हॉटेलातच जेवायला पाठवून त्याने खोलीचं दार लावलं आणि पासपोर्ट कोटांच्या अस्तरात शिवून टाकायला बसला. पलंगावर कोट तीन, हातात पासपोर्ट तीन. प्रत्येक कोटात एकेक घालून, टिपून, त्याने समाधानाने दोरा तोडला.

खोलीत गारठा होता, म्हणून त्याचा स्वतःचा कोट त्याच्या अंगातच होता.

पलंगावरचा तिसरा कोट लांब्याचा. तो शिंप्याने बॅगेच्या तळाशी घालून आणला होता, दोघांना न सांगता. सुटलेलं बटण लावायला म्हणून तेवढा बाहेर काढला होता. शेवटच्या दिवशी सकाळी, फिरून येतो म्हणाला, तळ्याकाठी गेला आणि तो कोट नीट घडी करून बाकावर ठेवून आला. घडी करताना छातीपाशी काहीतरी कडक लागलं. अस्तरामागचं ताठर बकरम असेल, असं त्याला वाटलं. डोळेही तेव्हा नीट दिसण्याच्या स्थितीत नव्हते.

तर विमानतळावरच्या त्या खिडकीपाशी त्याने मास्तरांचं अस्तर दातांनी उसवलं: पासपोर्टातले मास्तर निघाले. फोटोग्राफरचं उसवलं: फोटोग्राफर निघाला. मग स्वतःचं अस्तर चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?" मास्तर म्हणाले.

"माझा लांब्याकडे राहिला."

मास्तरांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग सगळं ऐकून घेतलं. फोटोग्राफरने एकदा फळ्यावर पळणाऱ्या विमानांच्या वेळा पाहिल्या, एकदा शिंप्याच्या मनगटांकडे पाहिलं आणि बॅग उचलली.

"चल. लांब्या काय पळून जातोय?"

टॅक्सीतून उतरले, तर बाक रिकामा. जरा पुढे एक झाडूवाला पानं गोळा करत होता. उंच, ताडासारखा. अंगात करडा कोट.

भाषेचा प्रश्न मास्तरांनी हातात घेतला. वहीचा कागद फाडून कोट काढला, कोटात पुस्तक काढलं, पुस्तकात शिंप्याचं तोंड काढलं. माणसाने ते पाहिलं आणि खजील होऊन कोट उतरवायला लागला. शिंप्याने त्याचे हात धरले.

"राहू दे, राहू दे. अंगातच राहू दे."

मग चवड्यांवर उंच होऊन त्याने परक्या माणसाच्या छातीशी तोंड नेलं आणि दोरा तोडला. माणूस झाडू उभा धरून, श्वास रोखून उभा. पासपोर्ट निघाला. मास्तरांनी सुस्कारा सोडला. शिंपी मात्र बाजूला होईना. त्याने आपल्या कॉलरखाली खोचलेली सुई काढली.

"अरे, विमान," मास्तर म्हणाले.

"आणि अस्तर असं लोंबतं ठेवू? नावं कुणाला ठेवतील?"

घाईत टाका वाकडा पडला. शिंप्याने तो उसवला आणि पुन्हा घातला.

विमान डोक्यावरून गेलं तेव्हा तिघे बाकावर बसले होते. ते तेच विमान, असा फोटोग्राफरचा दावा; छत्रीचा अनुभव धरून कुणी वाद घातला नाही. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. बघायचं काही उरलं नव्हतं. फोटोग्राफरने कॅमेरा पिशवीत टाकला. कुणी न सांगता तिघे एका बाजूला सरकून बसले होते आणि उरलेल्या जागेवर मास्तरांनी बॅगही ठेवू दिली नाही.

समोर तो उंच माणूस पानं ओढत होता. झाडू लांबवला, तरी मनगट दिसत नव्हतं.

"बाही बरोबर बसली रे," मास्तर म्हणाले.

शिंप्याने हात काखेत घातले. वारा होता.

त्या ताग्यातून पहिला कोट लांब्याचा कापला होता, आणि शेवटचा शिंप्याचा.