वर्षभर जपलेला रस्ता

"एक चाकसुद्धा फिरकू दिलं नाही, खडीताई!" पहारेकरी काका छाती पुढे काढून म्हणाले. "बघा कसा आहे! काल केल्यासारखा."

खडीताईने पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचनालयामागच्या गल्लीतला तिचा तीस मीटरचा रस्ता नव्या कोऱ्या ताटासारखा लकाकत होता. दोन्ही तोंडांना साखळ्या, साखळ्यांमागे फुलझाडांच्या कुंड्या आणि एका कुंडीत खोचलेली पाटी: 'संशोधन चालू आहे. पाय ठेवू नये.'

आता हिला खडीताई का म्हणत, ते सांगायला हवं. विद्यापीठाच्या त्या केंद्रात इंजिनियर आणि शास्त्रज्ञ मंडळी डॉक्टरेटसाठी येत आणि चार वर्षं एकच गोष्ट शिकत: निसर्गाला न ओरबाडता टिकाऊ रस्ते, पूल, जलवाहिन्या कशा बांधायच्या. ज्याचा जो विषय, तेच त्याचं नाव. पुलावर काम करणाऱ्याला 'कमान' म्हणत. सांडपाण्यावर काम करणाऱ्या बिचाऱ्याला काय म्हणत, ते विचारू नका. हिने तीन वर्षं फुटक्या बाटल्यांची काच आणि झिजलेल्या टायरांचा चुरा खडीत कालवण्यात घालवली, म्हणून ही खडीताई.

केंद्राचा नियम असा की नुसता प्रबंध लिहून भागत नाही, केलेली वस्तू वर्षभर लोकांच्या वापरात टिकून दाखवावी लागते. खडीताईच्या रस्त्यावरून वर्षात वीस हजार वेळा चाकं जायला हवी होती. त्याच केंद्राचा दुसरा नियम असा की विद्यार्थ्याने मधले काही महिने परक्या प्रयोगशाळेत काढावेत. त्यामुळे रस्ता झाल्यावर आठवड्याभरात ती अकरा महिन्यांसाठी दूर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "काका, माझ्या रस्त्याकडे जरा लक्ष ठेवा हं."

काकांनी लक्ष ठेवलं.

रस्त्यावर आडवी रबरी नळी होती. तिच्यावरून चाकांची जोडी गेली की बाजूच्या डब्यात एक आकडा वाढे. खडीताईने डबा उघडला. आकडा होता सात.

"सात?" तिचा आवाज चिरकला.

"मी रजेवर होतो त्या दिवशी," काका मान खाली घालून म्हणाले. "पुन्हा नाही होणार."

मार्गदर्शक मॅडमना हे वर्षभर दिसलं नव्हतं का? दिसलं होतं! पण त्यांना वाटलं, रस्ता अजून वाळत असेल. मॅडमचा विषय धरणं. रस्ता वाळायला किती दिवस लागतात, हे या वयात कोणाला विचारणं त्यांना बरं दिसेना.

"ऊनपाऊस तर वर्षभराचा खाल्लाय ना त्याने?" मॅडम म्हणाल्या. "मग फक्त वाहनांचा प्रश्न उरला. पदवी परीक्षेची समिती यायला एकोणीस दिवस आहेत. तेवढ्यात वीस हजार भरलीस, तर माझी हरकत नाही."

हरकत नाही म्हणे! रस्ते खात्यातली नोकरी खडीताईच्या नावावर ठरली होती, पण महिनाअखेर पदवी हातात नसेल तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. तीन वर्षं टायर किसले ते काय कुंड्या ठेवायला? तिने स्वतःच्या हाताने साखळ्या काढल्या, कुंड्या ओढून भिंतीला लावल्या. काका प्रत्येक कुंडीमागे एक सुस्कारा टाकत होते.

रस्ता मोकळा झाला, पण गाड्या येईनात. वर्षभरात सगळ्यांना लांबून जायची सवय लागली होती. मग तिने पाटी लावली: 'हा रस्ता सर्वांसाठी खुला आहे.' त्याने तर गोष्टच बिघडली. गाड्या गल्लीच्या तोंडाशी थांबत, पाटी वाचत आणि यात काहीतरी काळंबेरं आहे असं ठरवून मागे वळत. संध्याकाळी आकडा होता अकरा. त्यातले चार तिच्या स्वतःच्या सायकलचे.

शेवटी तिने मावशीला फोन लावला. मावशीची गाडी शिकवण्याची शाळा होती.

"अगं, मग रडतेस काय?" मावशी म्हणाली. "माझ्याकडे आठ गाड्या आहेत आणि चाळीस जण शिकणारे. त्यांना कुठे सोडावं हाच माझा रोजचा घोर. पाठवते उद्यापासून!"

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत जत्रा भरली. आठ गाड्या सकाळपासून पुढे जात, मागे येत, मध्येच बंद पडत. एकीने पुढे जाताना दोन कुंड्या फोडल्या आणि माफी मागायला मागे आली तेव्हा तिसरी फोडली. वाचनालयातून हॉर्नबद्दल रोज तक्रार येई. काकांनी तर गल्लीकडे पाठ करूनच बसायला सुरुवात केली. "मला बघवत नाही, ताई," ते म्हणत. पण आकडा रोज बाराशेच्या आसपास वाढत होता आणि रस्त्याला ओरखडासुद्धा नव्हता. अठराव्या दिवशी संध्याकाळी वीस हजार तीनशे भरले. खडीताई त्या दिवशी पोटभर जेवली.

समितीच्या दिवशी सकाळी ती फूटपट्टी आणि कागद घेऊन गल्लीत आली, तर रस्त्याच्या मधोमध खोदकामाचं एक पिवळं धूड उभं. त्याचा ऑपरेटर वर बसून हातमोजे चढवत होता आणि काका त्याला हात करून नीट जागेवर आणत होते.

"काका! हे काय?"

"रस्ता उकरायचाय," काका म्हणाले. "कागद आहे त्यांच्याकडे. सही, शिक्का, सगळं तपासलं मी."

"वर्षभर एक सायकल सोडली नाहीत, आणि आज हे सोडलंत?"

"सायकलवाल्याकडे कागद नव्हता, ताई."

खडीताईने विद्यापीठाच्या बांधकाम विभागात फोन लावला. तिथल्या साहेबांनी अगदी गोड आवाजात खुलासा केला. चाकं मोजणारा डबा त्यांच्या संगणकाला जोडलेला होता. वर्षभरात सात गाड्या आणि मग एकदम दिवसाला बाराशे! संगणकाने गल्ली अपुरी पडत असल्याचं कळवलं, विभागाने ती उकरून दुप्पट रुंद करायचं ठरवलं आणि काम चक्क आठवड्यात मंजूर झालं.

"अहो, पण तिथे गर्दी नाहीये!"

"संगणक म्हणतोय, आहे."

"ती गर्दी माझी मावशी आहे!" खडीताई ओरडली.

"असेल. तुमच्याच केंद्रात आम्हाला शिकवलं, की निर्णय आकड्यांवर घ्यावेत." साहेबांनी फोन ठेवला.

ज्या विभागाला वाचनालयाचा गळका नळ बदलायला तीन वर्षं पुरली नाहीत, त्याला आजच घाई सुटावी! खडीताई हात पसरून यंत्रापुढे उभी राहिली. ऑपरेटरने शांतपणे यंत्र मागे घेतलं आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तीही धावत तिकडे गेली, पण तोवर यंत्राचा पंजा खाली आला होता. तिने डोळे घट्ट मिटले.

खर्रर्र आवाज झाला. तिने डोळे उघडले. पंजा रस्त्यावरून घसरत पुढे गेला होता आणि रस्ता जिथल्या तिथे होता. ऑपरेटरने पुन्हा पंजा आपटला. टायरांच्या चुऱ्याने तो वर उडवला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. समितीचे तिघं येऊन भिंतीलगत उभे राहिले, मॅडमही आल्या. खडीताईचे पसरलेले हात कधी खाली आले, ते तिचं तिलाही कळलं नाही. मग कडाड्कन आवाज झाला आणि पंज्याचा एक दात तुटून काकांच्या पायाशी पडला.

ऑपरेटर खाली उतरला. घामाने निथळत होता आणि संतापाने लाल झाला होता.

"हा रस्ता केला कोणी?"

"मी," खडीताई म्हणाली.

"तुम्ही? ताई, असा करतात का रस्ता? रस्ता उकरता आला पाहिजे! वीस वर्षं या धंद्यात आहे मी. आज पाण्याच्या पाइपासाठी उकरायचा, उद्या तारेसाठी, परवा काहीच काम नाही म्हणून. उद्या सगळेच असे रस्ते करायला लागले तर आम्ही काय खायचं? तुमच्यावर तक्रार करणार आहे मी!"

"लेखी कराल?" समितीच्या अध्यक्षबाईंनी झटकन पुढे होऊन विचारलं.

"सहीनिशी करतो! घाबरतो काय कुणाला?"

बाईंनी त्याला पेन दिलं. त्याने खडीताईच्याच कागदांवर दीड पान भरून तक्रार लिहिली. किती वेळा पंजा मारला, कुठे मारला, किती जोराने मारला, सगळं वेळेसकट. इतकी तपशीलवार चाचणी केंद्रात आजवर कोणीच केली नव्हती. शेवटी त्याने लिहिलं: 'तरी संबंधित महिलेवर तातडीने कारवाई करावी, ही विनंती.'

अध्यक्षबाईंनी तो कागद दोनदा वाचला, बाकी दोघांना दाखवला आणि विनंतीखाली तिथल्या तिथे शेरा मारला: 'कारवाई केली. पदवी दिली.'