अकरा थरांचं फूल

"यंदाचं पहिलं बक्षीस आमच्याच घरात येणार! लिहून ठेवा!" महिला मंडळाच्या बैठकीत आक्काताईंनी कपबशी आपटून जाहीर केलं. त्या क्षणापर्यंत त्यांनी क्रोशाची सुई फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिली होती, ही गोष्ट वेगळी!

झालं होतं असं, की मंडळानं दिवाळी पाडव्याला विणकामाची स्पर्धा ठेवली होती. गेली तीन वर्षं पहिला नंबर शेजारच्या चिमणाबाईंचा. आक्काताईंनी नुसतं विचारलं, "मीबी भाग घेऊ का?" तर चिमणाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आक्काताई, तुमी आपलं धार-शेण बगा. हे नाजूक हाताचं काम हाय!"

पंचवीस वर्षं म्हशींचं केलेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे काय! आक्काताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आता बक्षीस आलं नाही तर गल्लीत मान वर करून चालायची सोय उरली नव्हती.

घरी येऊन त्यांनी रद्दी उपसली. एका जुन्या मासिकाचं पान सापडलं: 'क्रोशाचे थरांचे फूल'. फोटो काळपट होता, पण कृती सोपी. आधी साखळी, साखळीवर खांब, झाल्या पाकळ्या. मग पाकळ्यांच्या मागून साखळ्या घालायच्या आणि त्यांवर दुसरा थर विणायचा, आधीपेक्षा मोठ्या पाकळ्यांचा. 'असेच पुढे' इथवर येऊन पान संपलं होतं. खालचा अर्धा भाग कुणीतरी फाडून नेला होता.

"आई, पुढं म्हणजे किती पुढं?" कॉलेजात जाणाऱ्या साक्षीनं विचारलं.

"पुढं म्हंजे पुढं! पाडव्यापतोर!"

पहिला थर बटणाएवढा झाला. तिसऱ्याला फूल पेढ्याएवढं झालं, सहाव्याला भाकरीएवढं. गुलाबी लोकर संपली, लाल आणली, तीही संपली. नवव्या थराला आक्काताईंनी नवऱ्याचा हिरवा स्वेटर उसवला. घरात अंधार, म्हणून त्या गोठ्याच्या दारात बसून विणायच्या. थर मोजायचे झाले की फूल सरळ चंद्रीच्या पाठीवर पसरायच्या. चंद्री म्हणजे त्यांची दावणीची थोरली म्हैस. ती बिचारी रवंथ करत उभी राही. अकराव्या थराला फूल परातीएवढं झालं आणि पाडवा उजाडला.

आक्काताई न्हाऊन बाहेर आल्या, तर खुंटीवर फूल नाही!

"साक्षे! माझं फूल कुठं हाय?"

तेवढ्यात गल्लीत मोटरसायकल गरजली. पाडव्याला कोल्हापुरातल्या म्हशींचा थाट नवरीला लाजवेल असा असतो. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची आणि मालकाच्या गाडीमागं पळवायची. आक्काताईंचे यजमान बाबासो फेटा बांधून गाडीवर होते, मागं चंद्री चौखूर उधळली होती आणि चंद्रीच्या कपाळावर अकरा थरांचं फूल डुलत होतं!

"अवो, थांबा! थांबा की वो!" ओल्या केसांनी आक्काताई मागं धावल्या.

लोकांना वाटलं, वहिनी कौतुकानं धावतायत! शिट्ट्या वाजल्या. "पळवा वैनी, पळवा!" पुढं गाडी, मधे म्हैस, मागं आक्काताई, अशी वरात मैदानात पोचली.

धाप टाकत त्या काही बोलणार, तोवर बाबासोंनीच त्यांचा हात धरला. डोळ्यांत पाणी.

"आजवर तू माझ्या म्हशींना नावंच ठिवलीस की गं! म्या म्हनायचो, हिला माझा जीव कळत न्हाय. आनि गुपचूप एवढं मोठ्ठं फूल केलंस? पाठीवर टाकून मापं घेत हुतीस, तवाच वळीखलं म्या. माझा स्वेटरबी उसवलास चंद्रीसाठी!"

आक्काताईंनी तोंड उघडलं. नवऱ्याला असं भरून आलेलं त्यांनी साक्षीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठीच."

आणि मैदानातल्या म्हशींच्या सजावट स्पर्धेत चंद्रीचा पहिला नंबर आला!

पण मंडळाची स्पर्धा बाराला होती, आणि पावणेबारा झाले होते. "अवो, फूल तासाभरासाठी द्या की. बायकांस्नी दावून आनते," आक्काताई गोड आवाजात म्हणाल्या. बाबासोंनी ओढून पाहिलं. फूल म्हशीच्या मोरकीत, तोंडाच्या दोरीत, असं ओवून बांधलं होतं की गाठ सुटेना. कातर लावावी तर अकराही थर उसवणार!

"मग आख्खी चंद्रीच नेऊ की!" बाबासो छाती फुगवून म्हणाले.

मंडळाच्या दारात म्हैस पाहून बायकांनी पदर सावरले. टेबलावर चिमणाबाईंचा टीव्हीवर घालायचा रुमाल होता, हिरव्यागार पानांच्या वेलीचा.

"अगं बया! म्हसबी भाग घ्याला आलीया व्हय?" चिमणाबाई खिदळल्या.

चंद्रीनं सकाळपासून वैरणीची काडी पाहिली नव्हती. तिनं मान लांब केली आणि रुमालाची वेल तोंडात घेतली.

"माझा रुमाल! अवो, माझा रुमाल!"

एका टोकाला चिमणाबाई, दुसऱ्या टोकाला चंद्री! रुमाल मधोमध फाटला. दोघींना निम्मा निम्मा मिळाला, पण चंद्रीनं तिचा गिळला.

परीक्षक बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी चष्मा सावरून म्हशीच्या कपाळाचं फूल निरखलं. "टाके सुबक आहेत. पण हे नेमकं आहे काय? टेबलावरचं? उशीवरचं?"

तेवढ्यात बाबासोंनी आनंदाच्या भरात खिशातली गुलालाची पुडी सोडली आणि चंद्रीवर उधळली. पुडीचा कागद उडून परीक्षक बाईंच्या पुढ्यात पडला. बाईंनी सवयीनं तो उचलून मोठ्यानं वाचला.

"'असे एकूण तीन थर करावेत. फूल पेढ्याएवढे होईल. तयार फूल डोक्यात माळावे.'"

सगळ्या बायका आक्काताईंकडं बघायला लागल्या. आक्काताई नवऱ्याकडं बघायला लागल्या. पुडी बांधायला पान कुणी फाडलं ते आत्ता कळलं!

मग त्यांनी पदर खोचला. "मग? डोक्यातच माळलंय की!"

मंडळाचं बक्षीस त्या वर्षी कुणालाच मिळालं नाही. पण आक्काताईंनी बैठकीत दिलेला शब्द खरा झाला. पहिल्या बक्षिसाचं प्रशस्तिपत्रक आजही त्यांच्या टीव्हीच्या वर चौकटीत लटकतंय. पावणं आलं की त्या ते काढून हातात घेऊन दाखवतात. फक्त 'चंद्री' लिहिलंय तेवढ्यावर अंगठा ठेवतात!