झेंडा अर्ध्यावर

तीन आठवडे खपून डोर्थेने झेंडा चढवणारं यंत्र तयार केलं आणि शुक्रवारी थोरवाल्डच्या दारासमोरच्या खांबाला ते बसवूनही टाकलं. ती अभियांत्रिकी कॉलेजात रोबोटिक्स शिकवायची. उन्हाळी वर्गात तिचा एकच हट्ट असे: यंत्र ज्याच्यासाठी करताय, त्याला आधी विचारा. हे वाक्य तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं आणि ते पुसायची कुणाची छाती नव्हती.

थोरवाल्ड शहाऐंशी वर्षांचा. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराबाहेरच्या बागांच्या वसाहतीत दोघांच्या लाकडी खोल्या शेजारी शेजारी होत्या. वसाहतीचा झेंडा सकाळी आठला चढवायचा आणि सूर्य बुडायच्या आत उतरवायचा, हे काम तो एकेचाळीस उन्हाळे करत आला होता. यंदा मात्र झेंडा रोज टोकापासून वीतभर खालीच राहू लागला. अध्यक्ष गेर्डाबाईंचं पत्र आलं, खांदे थकले असतील तर शनिवारच्या वार्षिक मेजवानीनंतर दोरी दुसऱ्याच्या हाती द्यावी. थोरवाल्डने पत्र कॉफीच्या डब्याखाली सारलं. त्या दिवशी तो जेवला नाही, हे डोर्थेने खिडकीतून पाहिलं आणि तिला ते बघवलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती टेप घेऊन खांब मोजायला हजर झाली.

यंत्राचं काम सोपं होतं. आठनंतर उजेड दिसला की झेंडा वर, उजेड मंदावू लागला की खाली. आणि शंका आली तर जागच्या जागी थांबायचं. हा सुरक्षेचा पहिला धडा डोर्थेच्या विद्यार्थिनीने, सिद्सेलने, यंत्राला इमानेइतबारे शिकवला होता.

शनिवारी सकाळी दोघी बेकरीतून पाव घेऊन परतत होत्या. एक काळा ढग नुकताच वसाहतीवरून सरकला होता. वळणावर डोर्थे थबकली. झेंडा अर्ध्यावर होता आणि थोरवाल्डचे पडदे बंद होते.

"गेले गं!" तिने पावाची पिशवीच टाकली.

"कोण?"

"थोरवाल्ड! दिसत नाही का, झेंडा अर्ध्यावर आहे!"

"डोर्थे, तो आपल्या यंत्राने आणलाय. ढग आला, त्याला वाटलं संध्याकाळ झाली. ऊन पडलं, त्याला वाटलं सकाळ झाली. बिचारं शंकेत पडलं आणि थांबलं."

"हे मला कसं सुचलं नाही?"

"तू रडत होतीस ना."

तोवर खांबाखाली वसाहत जमली होती. सगळे गप्प, माना खाली. सर्वांत पुढे गेर्डाबाई. ज्या गुलाबांचा त्या कुणाला वासही घेऊ देत नसत, ते त्यांनी मुळापासून कापून आणले होते.

"गेर्डाबाई, जरा ऐका..." डोर्थे म्हणाली.

"काही बोलू नकोस. माझ्या त्या पत्रानेच मारलं त्याला." त्यांना हुंदका आवरेना. "असा झेंडा चढवणारा पुन्हा मिळायचा नाही. वीतभर खाली राहिला तर राहिला, कुणाचं काय अडलं होतं?"

"अहो, पण ते..."

"शूः! दोन मिनिटं शांत राहा."

इतक्यात दार उघडलं. थोरवाल्ड बाहेर आला, अर्ध्या गालाला साबण आणि हातात दाढीचा गोल आरसा. जमलेल्यांकडे पाहून तो दचकला. त्याने आरसा छातीशी तिरका धरला, त्यात खांब न्याहाळला आणि त्याचा चेहरा उतरला. साबण टॉवेलने पुसून तो डोर्थेशेजारी रांगेत येऊन उभा राहिला.

"कोण गेलं?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही," सिद्सेल म्हणाली.

गेर्डाबाईंनी गुलाब पाठीमागे लपवले. "म्हणजे तू मेला नाहीस?"

"सध्या तरी दाढी करत होतो."

डोर्थेने यंत्राची कहाणी सांगितली. सांगताना तिचे कान तापले. थोरवाल्डने शांतपणे दोरी यंत्रातून सोडवली आणि आरसा तिच्या हातात दिला. "धर. असा नाही, तिरका." मग दोन्ही हातांनी त्याने झेंडा सरसर ओढला. झेंडा थेट टोकाला जाऊन भिडला.

"खांदे तर ठणठणीत आहेत तुझे!" गेर्डाबाई म्हणाल्या.

"खांद्यांना काय धाड भरलीय? मान वर होत नाही माझी. टोक दिसत नाही, म्हणून अंदाजाने थांबतो. आणि दोन्ही हात दोरीला, मग आरसा धरायचा कुणी?"

गेर्डाबाईंनी हात पुढे केला. "ते पत्र आण इकडे." त्यांनी पत्राचे चार तुकडे केले, खिशात टाकले आणि गुलाब थोरवाल्डच्या हाती कोंबले.

मेजवानीआधी आरसा खांबाला पक्का बांधला गेला. थोरवाल्डच्या पायरीवर कॉफी घेताना सिद्सेलने वही उघडली. "डोर्थे, अहवालातला पहिला रकाना. ज्याच्यासाठी यंत्र केलं, त्याला विचारलं का?"

डोर्थेने कप खाली ठेवला. वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट तिने स्वतः केली नव्हती आणि त्याची तिला मनापासून लाज वाटली.

"तीन आठवडे मी रोज इथे येत होते," ती थोरवाल्डला म्हणाली. "मी विचारलं नाही, चुकलंच माझं. पण तुम्ही तरी सांगायचं ना!"

"आज सांगणारच होतो. दाढी झाली की."

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी आरसा बांधून मोकळी झाली असतीस." त्याने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. "मग रोज कशाला आली असतीस?"